घेत नाहीत

अण्णाजींनी लेकीच्या, सुरभीच्या, डोक्यावर हात ठेवून दारू सोडली, तो गुरुवार होता. गिरडच्या टेकडीवर, दर्ग्यासमोर. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनात तीस वर्षं फिटर म्हणून राबलेला हा माणूस, आणि गेली वीस वर्षं रोज पिणारा. जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू दुकानात मिळत नाही, ओळखीनं मिळते. सुरभीनं आठ दिवस मागे लागून त्यांना टेकडीवर आणलं होतं.

उतरताना ते म्हणाले, "आता माह्या तोंडाचा वास नाई येणार. जवळ बसत जाय."

शुक्रवारी सकाळी कपातला चहा बशीत सांडला.

"साखर तेवढी टाक," ते बायकोला, भागीरथाबाईंना, म्हणाले, "ढवळाचं काम माहा हातच करून राह्यला." तिघंही हसली.

थंडीचे दिवस असून त्यांची बनियन घामानं चिंब झाली. शेजारचे सदाशिवराव दारातूनच बघून म्हणाले, "दारू निघून राह्यली, पोरी. तीन दिवस लागतेच. निघू दे."

हा शब्द साऱ्या घराला पटला. घाम आला, निघून राह्यली. ओकारी झाली, निघून राह्यली. भागीरथाबाई चादरी धूत होत्या, त्याही जवळजवळ आनंदानं. सुरभीनं आयुष्यभर पुस्तकं वाचली होती. त्यांतला माणूस एका ओळीत दारू सोडायचा आणि पुढच्या परिच्छेदात बरा झालेला असायचा. मधले दिवस कुणी लिहिले नव्हते.

संध्याकाळी अण्णाजींनी तिला हाक मारली. "सुरभे, एक घोट दे वं. औषधावाणी. मले काई बरं नाई वाटून राह्यलं."

"माझ्या डोक्यावर हात ठेवलाय तुम्ही, बाबा."

ते भिंतीकडे वळत म्हणाले, "हो. ते बी खरं हाय."

शनिवारी दुपारी ते पलंगावर बसून चादरीवरून चिमटीनं काहीतरी वेचत होते.

"काय करून राह्यले, अवो?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"सरकी. रुईत सरकी राहून गेली ना. मुकादम बोंबलीन."

चादर कोरी होती. निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. सुरभीनं त्यांचा हात धरला, तो तापलेला होता. ती रिक्षा बघायला उठली, तेवढ्यात मागे पलंग खडखडला. अण्णाजींचं अंग धनुष्यासारखं ताणलं होतं आणि डोळे वर गेले होते.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं भराभर विचारलं. साखर? बीपी? आधी कधी फिट? मग, "दारू घेतात?"

भागीरथाबाईंनी लेकीकडे पाहिलं. हो म्हटलं, तर बापाची शपथ आपणच मोडली, असं सुरभीला त्या क्षणी वाटलं. दोन दिवसांची तर होती ती.

"नाही," ती म्हणाली. "घेत नाहीत."

म्हणताना तिला थोडा अभिमानही वाटला. डॉक्टरनं तसं लिहून घेतलं, आणि तापाच्या नि फिटच्या तपासण्या सुरू झाल्या.

रविवारी सकाळी मोठ्या डॉक्टरबाई आल्या. अण्णाजींचे हात हवेत काहीतरी वेचत होते, ते त्या उभ्यानंच बघत राहिल्या. घेतात का, असं त्यांनी विचारलंच नाही. "कधी सोडली?" त्यांनी विचारलं.

"गुरुवारी."

"एकदम?"

सुरभीनं मान हलवली.

"रोज घेणाऱ्याचं शरीर त्या दारूवरच चालायला शिकलेलं असतं," त्या म्हणाल्या. "अचानक थांबवली की मेंदू खवळतो. जीवही जातो. औषधं देऊन, आमच्या नजरेखाली सोडवायची असते ती. काल कळलं असतं, तर कालच सुरू केलं असतं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

औषधं सुरू झाली. पट्ट्यांनी मनगटं पलंगाला बांधावी लागली. सुरभी जवळ बसून होती. अण्णाजींनी तिला ओळखलं नाही; मशीन बंद कर, पट्टा उतरव, असं कुणाला तरी सांगत राहिले. त्यांनी दारू एकदाही मागितली नाही. मागितली असती, तर तिनं दिली असती.

सोमवारी सकाळी ते गेले.

व्हरांड्यातल्या बाकावर भागीरथाबाई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. लेक शेजारी बसली, तेव्हा त्यांनी विचारलं, "डॉक्टरीन काय म्हणे? कायच्यानं गेले?"

सुरभी सांगायला वळली, तोच आईनं मधेच विचारलं.

"दारूनं नाई ना गेले?"

आई उत्तराची वाट बघत होती. वीस वर्षं ती ह्याच एका गोष्टीला भीत आली होती.

"नाही, आई," सुरभी म्हणाली. "दारूनं नाही."

भागीरथाबाईंनी डोळे पुसले, फोन घेतला आणि देवळीच्या भावाला आधी तेच सांगितलं.