सर्वांना एकच खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. कालपरवापर्यंत तीन पायांवर उभी राहायची आणि चौथ्याची लाज बाळगायची. एका कॉलेजच्या मुलाखतीच्या खोलीत, लांब टेबलाच्या अलीकडे मी एकटी असते. पलीकडे गुबगुबीत गाद्यांच्या तीन खुर्च्या आहेत. त्या साहेब लोकांच्या, मी उमेदवारांची.

सुताराने मला घडवले तेव्हा माझे चारही पाय सारखे होते. त्याने मला चहूबाजूंनी दाबून पाहिले आणि खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली. पुढे एका समारंभाच्या वेळी एक धिप्पाड विद्यार्थी माझ्यावर चढून छताला झालर बांधू लागला. माझा मागचा डावा पाय तुटला. तो खिळे मारून जोडला खरा, पण बोटभर आखूड झाला. तेव्हापासून माझ्यावर कोणी बसले की मी कलायची. शिपाईकाका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालत. ती नाहीशी होई. पुन्हा घालत, पुन्हा नाहीशी होई. केर काढताना जात असेल, असे मला वाटायचे. किती भोळी मी!

या कॉलेजात एक चांगला नियम आहे. ज्यांच्या घरातले आजवर कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, अशा मुलांसाठी काही जागा राखून ठेवतात. त्यांच्या मुलाखतीला समान संधीचे काम पाहणाऱ्या मॅडम असाव्याच लागतात. या मॅडम स्वतः त्याच नियमाने, माझ्यावर बसून, कॉलेजात आल्या होत्या. नव्या मुलांना त्या दर वर्षी सांगत, "मी इथं बसले ना, तेव्हा माझे पाय लटलट कापत होते. तोंडातून शब्द फुटेना. जन्माची भित्री मी!" मुले हसत, त्यांना धीर येई. मलाही मॅडम घरच्या वाटत.

यंदाच्या मुलाखतींच्या आदल्या दिवशी मुलाखत समितीतले एक प्राध्यापक आपल्या भाचीला घेऊन खोलीत आले. खुल्या जागा भरल्या होत्या आणि भाची प्रतीक्षायादीत पहिली होती; त्या यादीतल्यांच्या मुलाखतीही दुसऱ्याच दिवशी होत्या. उरलेल्या एका राखीव जागेला योग्य उमेदवार मिळाला नाही, तर ती जागा या यादीला जाणार होती. प्राध्यापकांनी आधी वाकून माझ्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी काढली आणि खिशात टाकली. मग भाचीला बसवले.

"मामा, ही हलते!"

"म्हणून तर आणलं तुला. उजवीकडे, जरा पुढे रेल. हां, अशी. आता उद्या हलायची नाही."

"पण दुरुस्त का नाही करत?"

"अगं, हिच्यावरच तर माणसाचा आत्मविश्वास कळतो!"

मित्रांनो, मी सुन्न झाले. खुर्चीला कान नसतात, पण हात असतात. ते गार पडले. माझ्याकडे कोणाचे लक्ष नाही, असे मी इतकी वर्षे समजत होते. लक्ष होते! मला मोडकी ठेवण्यावरच होते. दुर्लक्ष मी सोसले असते. हे मला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी भाची खांबासारखी ताठ बसली आणि भरभरून गुण घेऊन गेली. मग राखीव जागेची शेवटची उमेदवार आली. तिची आई दवाखान्यात फरशी पुसते. मुलीच्या ड्रेसच्या कोपरावर बारीक रफू होता.

"काय शिकायचंय तुला?" मॅडमनी विचारले.

"रक्त तपासतात ना, ते. आई म्हणते, रिपोर्टला उशीर झाला की माणसं बाकावर नुसती झुरत बसतात. म्हणजे बघा, जर का..."

उत्साहाच्या भरात ती डावीकडे सरकली. मी सावरायचा खूप प्रयत्न केला, पण आखूड पाय तो आखूडच. मी कलले. तिने घाबरून टेबल धरले, पाण्याचा पेला लवंडला आणि प्राध्यापकांचे कागद भिजले. त्यानंतर ती अर्धे अर्धे शब्द बोलली आणि मान खाली घालून निघून गेली.

"आत्मविश्वासाच्या नावानं बोंब," प्राध्यापक म्हणाले.

मी मॅडमकडे आशेने पाहिले. मॅडम म्हणाल्या, "हो ना. माझ्यासारखीच भित्री आहे बिचारी. पुढच्या वर्षी येऊ दे तयारीनं." आणि त्यांनीही गुण कापले! कुंपणानेच शेत खावे, तसे झाले. मला रडता येत असते, तर मी तिथेच रडले असते.

मधल्या खुर्चीतले प्राचार्य 'योग्य उमेदवार नाही' असा शेरा लिहायला लागले. टेबलावरचे पाणी खाली ठिबकत होते. ते पुसायला मॅडम फडके घेऊन अलीकडे आल्या आणि वाकता वाकता माझ्यावर टेकल्या. तेव्हा मी, आयुष्यात पहिल्यांदाच, मनापासून कलले.

मॅडम दचकून उठल्या. पुन्हा बसल्या. मी पुन्हा कलले. त्यांनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवून पाहिला.

"माझे पाय नाही कापत," त्या म्हणाल्या. "खुर्ची हलतेय."

प्राचार्य हसले. "अहो, जुनीच आहे ती. पण सगळ्यांना तीच देतो की आपण! दुजाभाव नाही. यालाच तर समान संधी म्हणायचं."

"मग सर, तुमची भाची कशी हलली नाही?" मॅडमनी प्राध्यापकांना विचारले. प्राध्यापक ओले कागद झटकत राहिले.

"इतकी वर्षं मी स्वतःला भित्री म्हणत आले," मॅडम म्हणाल्या. "वर्गात म्हटलं, घरी म्हटलं. माझी लेक कशाला घाबरली की तिलाही म्हटलं, माझ्यावरच गेलीस. आणि आता या पोरीलासुद्धा!"

त्या तशाच धावत गेल्या आणि जिन्यात गाठून त्या मुलीला परत घेऊन आल्या. आपली गादीची खुर्ची त्यांनी तिला ओढून दिली आणि स्वतः माझ्यावर बसल्या.

"बस बाळ. रक्ताचं काय सांगत होतीस? सावकाश सांग."

ती बोलायला लागली ती थांबेचना. मी आणि मॅडम शेजारी डुगडुगत ऐकत होतो. प्राचार्यांनी लिहिलेला शेरा खोडला, आणि ती राखीव जागा तिला मिळाली.

सगळे गेल्यावर मॅडमनी माझ्यावर बसूनच लेकीला फोन लावला. म्हणाल्या, "अगं, तू भित्री नाहीस. मीही नव्हते. खुर्ची मोडकी होती."

मित्रांनो, परवा सुतार येऊन माझा पाय नवा करून गेला. आता आमच्यावर चढून झालरी बांधू नका, एवढे तर मी सांगेनच. पण आणखी एक गोष्ट हात जोडून मागते. समोर बसलेले कोणी थरथरताना दिसले, तर त्याला भित्रा म्हणण्याआधी एकदा खाली वाका आणि त्याच्या खुर्चीचे पाय बघा.