चिमीचं लोणी तोलणारा काटा

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. दोन पितळी ताटल्या आणि नखाएवढी वजनं, एवढाच माझा संसार. दवाखान्यात औषधाच्या पुड्या तोलण्यासाठी मला घडवलं. माझं माप चुकत नाही, अशी माझी ख्याती होती. पुढे तयार गोळ्या आल्या आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तिथे धूळ खात पडलो. खोटं कशाला बोलू, फार राग यायचा.

एके दिवशी आहारतज्ज्ञ बाईंनी मला खाली उतरवलं. स्वयंपाकघरातल्या थोराड काट्याला बटाट्याच्या पोत्याखेरीज काही कळत नव्हतं ना!

अतिदक्षता विभागात चिमी नावाची एक लहान मुलगी होती. तिची फिट थांबतच नव्हती. एक औषध झालं, दुसरं झालं, शेवटी भूल देऊन मेंदूला झोपवलं. भूल उतरवायला घेतली, की फिट पुन्हा हजर. तेव्हा डॉक्टरांनी नाकातून पोटात घातलेल्या नळीतून जवळजवळ नुसतं स्निग्ध अन्न द्यायचं ठरवलं. साखर मिळाली नाही, की शरीर चरबी जाळू लागतं आणि त्याने काही मुलांची फिट आटोक्यात येते.

शेजारच्या खोलीत बाई माझ्यावर लोणी, साय तोलू लागल्या. मी जीव ओतून काम केलं. पण तपासणीत चरबी जळल्याची खूणच दिसेना. सगळे माझ्याकडेच संशयाने पाहू लागले. चिमी निपचित पडलेली. माझा जीव टांगणीला लागला.

बाईंनी चिमीच्या आईला विचारलं, "नळीतून आणखी काही जातंय का हो?"

"छे! फक्त तापाचं औषध. सिस्टर देतात तेवढंच."

"पातळ? गोड आहे का ते?"

आईने बाटलीच्या तोंडाशी बोट लावून चाखलं. "अगं बाई! हा तर नुसता पाक आहे!"

सिस्टरने कपाळावर हात मारला. "औषध म्हणून दिलं हो. त्यात साखर असेल, हे डोक्यातच आलं नाही."

लगेच त्याऐवजी बिनसाखरेची गोळी कुटून नळीतून द्यायला सुरुवात झाली. हवी ती खूण दिसली. डॉक्टरांनी भूल हळूहळू उतरवली. सगळ्यांनी श्वास रोखला होता. फिट आली नाही! मला तर आनंदाने नाचावंसं वाटलं.

मित्रांनो, माझ्या ताटलीत येतं, त्याचीच हमी मी देऊ शकतो. 'चमचाभरच तर आहे' म्हणून न तोलता दिलं जातं, त्यावर लक्ष तुम्हीच ठेवा.

नळी निघाल्यावर आज चिमीने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आई, शी! किती लोणी घातलंस!"

ती तक्रार ऐकून आई हसता हसता रडली.