दोन टाचांएवढी जागा

मी एक जुनी पायरी आहे. पायरी म्हटलं की तुम्हाला जिना आठवेल. पण मित्रांनो, मला ना वर शेजारीण आहे, ना खाली. माझ्यावर चढून कुणी कुठे पोहोचत नाही. चढलेला माणूस तिथल्या तिथेच उतरतो.

एका सुताराने दाराच्या उरलेल्या फळीतून मला बनवलं. उंची वीतभर, आणि रुंदी दोन पाय ऐसपैस मावतील एवढी. पाय घसरू नयेत म्हणून त्याने माझ्या पाठीवर रेघारेघांचं जाड काळं रबर चिकटवलं. त्या रबराचा मला भारी तोरा होता. पुढे व्यायाम शिकवून दुखणी बरी करणाऱ्या एका फिजिओबाईंनी मला नेलं आणि आपल्या खोलीत खिडकीखाली ठेवलं.

पोटरीला टाचेच्या हाडाशी बांधणारा जाड दोर तुमच्या पायामागे हाताला लागतो ना, त्याला कंडरा म्हणतात. ज्यांची कंडरा दुखायची ते माझ्या कडेवर चवड्यांनी उभे राहत, टाचा सावकाश खाली सोडत आणि पुन्हा वर नेत. धावणारे आले, नाचणारे आले, आणि बरे होऊन गेले. "या पायरीला तोड नाही," असं बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. लाकूड ओलीने फुगतं, मी कौतुकाने फुगले. बरा झालेला माणूस मात्र मला भेटायला परत कधी आला नाही.

मग एके दिवशी मीटरवाले काका आले. घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपायचं त्यांचं काम. त्यांची उजवी टाच दुखत होती. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली दहा पावलं भिंत धरून टाकावी लागत. साहेबांनी तीन महिन्यांची मुदत दिली होती. तोवर जिने चढता आले नाहीत, तर कायमचं फायलींच्या खोलीत बसायचं.

"बसून काम म्हणजे आरामच की, काका," बाई म्हणाल्या.

"कसला आराम, मॅडम? घरी मी एकटाच. त्या खोलीतही एकटाच बसणार. फेरीवर असलो की चार दारं उघडतात, कुणी पाणी विचारतं. दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं होतं माझं."

त्या दिवशी खोलीत खूप माणसं खोळंबली होती. बाईंनी पाय घाईघाईत पाहिला आणि मला काकांच्या हातात दिलं. "घरी घेऊन जा. सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा वेळा करा. टाच चांगली खाली जाऊ द्या."

काकांचं घर म्हणजे एक खोली, एक खुर्ची आणि एक कप. सांगितलं त्याच्या दुप्पट व्यायाम ते करत. चहा उकळेपर्यंतसुद्धा टाच खाली सोडून माझ्यावर उभे राहत. "ताण बसला की कसं बरं वाटतं," असं ते म्हणत. मलाच म्हणत, तिथे दुसरं होतं कोण?

पण टाच काही बरी होईना. पाचव्या आठवड्यात बुटात पाय घालणं कठीण झालं. काकांना वाटलं, आपलीच मेहनत कमी पडतेय. ते आणखी खाली झुकू लागले. उजव्या पायाचा माझ्यावरचा भार रोज थोडा हलका होत होता. दुखणं वाढतंय हे मला कळत होतं. मला तोंड नाही, ही खरी गोष्ट आहे. पण असतं तरी मी बोलले असते का? मित्रांनो, मला त्या माणसाची सोबत आवडू लागली होती. त्यांनी मला बाजूला ठेवावं, असं मला वाटतच नव्हतं. याची मला आजही लाज वाटते.

शेवटी एका दुपारी काका मला काखेत घेऊन लंगडत बाईंकडे गेले. या वेळी बाई जमिनीवर बसल्या आणि अंगठ्याने कंडरा चाचपू लागल्या. टाचेच्या चार बोटं वर दाबून त्यांनी विचारलं, "इथे?"

"छे."

मग त्यांनी कंडरा हाडाला मिळते तिथे दाबलं. काकांनी पाय झटकन मागे ओढला. बाईंनी हात बाजूला घेतला.

"चूक माझी आहे, काका. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं."

त्यांनी मला टेबलावर ठेवलं, काकांची पिशवी उचलली आणि तिचा पट्टा माझ्या कडेवरून खाली सोडला. "पिशवी सरळ टांगली तर पट्ट्याला काही होत नाही, वजन पेलणं त्याचं कामच आहे. पण कडेवरून वळला की ओढही बसते आणि दाबही. टाच खाली गेली की तुमची कंडरा अशीच हाडावर दाबली जाते. वरच्या बाजूला दुखणाऱ्यांना पायरी चालते. तुमचं दुखणं नेमकं या वळणावर आहे."

पट्टा माझ्या कडेत रुतला होता. इतके दिवस काकांच्या टाचेत काय चाललं होतं, ते मला तेव्हा कळलं.

"मग आता पडून राहू का?" काकांनी विचारलं.

"नाही हो, नुसत्या विश्रांतीने ती आणखी कमजोर होईल. तिला काम द्यायचं, फक्त दाब कमी करायचा. सपाट जमिनीवर उभं राहून टाच वर उचला. ताणायचं अजिबात नाही. आणि बुटात टाचेखाली थोडी उंची घालू."

उंची घालायला त्यांच्या खणात काही सापडेना. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी चाकूने माझ्या रबरातून दोन टाचांएवढे तुकडे कापले आणि काकांच्या दोन्ही बुटांत बसवले. एकाच पायाला उंची दिली तर चाल तिरकी होते म्हणे. माझा तोरा असा काकांच्या बुटात गेला.

"पायरी राहू द्या तुमच्याकडेच," बाई म्हणाल्या. आता मी कुणाच्याच कामाची नव्हते.

पुढचे महिने मी दाराजवळ भिंतीला टेकून होते. काका खुर्चीची पाठ धरून टाच उचलत, तशीच धरून ठेवत आणि सावकाश टेकवत. नंतर खांद्यावर भरलेली पिशवी घेऊन करू लागले. दोन पावलं पुढे आणि एक मागे असं चाललं होतं. मुदत संपली तेव्हा बाईंनी साहेबांना चिठ्ठी लिहून आणखी सहा आठवडे मागून घेतले. काका माझ्याकडे पाहतही नसत. त्यांचं बरोबरच होतं, पण मला फार एकटं वाटायचं.

आणि मग एका सकाळी काका फेरीवर गेले. पाचमजली इमारती, बिनलिफ्टच्या. दिवसभर मी दाराकडे पाहत होते. संध्याकाळी ते आले, मला ओढून घेतलं आणि बूट काढायला चक्क माझ्यावर बसले.

"पाचव्या मजल्यावरच्या आजी काय म्हणाल्या माहितेय?" ते मला सांगू लागले. "म्हणाल्या, 'अहो, इतके दिवस होतात कुठे? तुमच्या जागी दुसरा यायचा. पाणीसुद्धा न पिता जायचा मेला.'"

काका हसत होते आणि बाहीने डोळे पुसत होते.

पुढे बुटातल्या उंचीची गरज उरली नाही. काकांनी ते तुकडे काढून माझ्या पाठीवरच्या मोकळ्या जागेत बसवून पाहिले. ते नीट बसले नाहीत. चालून चालून त्यांना काकांच्या टाचांचा आकार आला होता. काकांनी ते तसेच माझ्यावर राहू दिले.

मित्रांनो, दुखणाऱ्याच्या मदतीला जरूर धावा. पण आधी खाली बसून विचारा, नेमकं कुठे दुखतंय? आणि आपल्यामुळेच दुखत असेल, तर बाजूला व्हा, कितीही जिवावर आलं तरी.

रोज सकाळी काका माझ्यावर बसून बूट चढवतात आणि दार ओढून निघून जातात. दिवस मोठा असतो. संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजू लागली की मी कान देऊन ऐकते. दोन्ही पावलं सारखीच वाजतात.