बेचाळीस अंशांवर

“उगवलं! विक्रांत, उगवलं हो!”

तुंगाबाईंचा असा स्वर इस्पितळाच्या त्या प्रयोगशाळेने चौतीस वर्षांत ऐकला नव्हता. डॉक्टरांना त्या कधी नावाने हाक मारीत नसत. आज तेवढेही भान उरले नव्हते. झाकण लावलेली जंतुवाढीची प्लेट दिव्यासमोर धरून त्या उभ्या होत्या. बेचाळीस अंशांच्या उष्म्यात दुधाच्या थेंबांसारखे पांढुरके ठिपके दाटीने उमलले होते.

नाशिकहून दोन वर्षांपूर्वी म्हैसूरला आलेले डॉक्टर विक्रांत लगबगीने जवळ आले. “म्हणजे मशीननं या बुरशीला दिलेलं नाव चूक?”

“मशीनचा काय दोष? याचं तोंड चुलत भावासारखं, म्हणून त्याचंच नाव घेतलं. पण तो चुलत भाऊ इतकी ऊब सोसत नाही. हा नोडी, बघा तरी, कसा ऐटीत बसलाय!”

अतिदक्षता विभागात चार नंबरच्या खाटेवर बोगादीचे निवृत्त शिक्षक सदाशिवराव नऊ दिवस ज्वराने तळमळत होते. नेहमीचे औषध त्यांच्या रक्तातील त्या यीस्ट बुरशीपुढे निष्प्रभ ठरले होते. दोन नंबरच्या आजी तशाच तापात आठवड्यापूर्वी गेल्या होत्या.

“पक्क्या निदानासाठी नमुना बंगळूरला पाठवतो,” डॉक्टर म्हणाले, “पण औषध आत्ताच बदलतो. तुंगाबाई, तुम्ही कमाल केलीत!”

“कमाल राहू दे. तो या खाटेवरून त्या खाटेवर जातो कशावर बसून, ते शोधायचंय. नाहीतर उद्या पाच नंबर.”

त्या विचाराने तुंगाबाईंच्या ठायी तरुणपणीचे बळ संचारले. निवृत्तीला अवघे अठरा दिवस उरले होते. तरी खाटांचे कठडे, तापमापक, स्टेथोस्कोप, दारांच्या मुठी, अशा सर्व वस्तूंवरून त्यांनी स्वहस्ते नमुने घेतले. तिसऱ्या सकाळी त्यांनी प्रयोगशाळेतले उबेचे कपाट उघडले. एकतीस प्लेटी निर्मळ होत्या. बत्तिसावी मात्र फुलली होती.

“सापडला!” त्या जवळजवळ धावतच जिना चढल्या. अतिदक्षता विभागाच्या दाराशी पोहोचल्यावर त्यांनी प्लेटीची चिठ्ठी पुन्हा वाचली, आणि पाऊल थबकले.

रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्याचे आवरण.

ते मुख्य परिचारिका विशालाक्षीने शिवले होते, आपल्या आईच्या मऊ सुती साडीचे. काठाला मोगऱ्याच्या कळीची नक्षी होती. गार पट्टा दंडाला लागताच वृद्ध रुग्ण दचकतात, हे तिला पाहवत नसे. दर शनिवारी ती ते घरी नेऊन धूत असे. मधले सहा दिवस मात्र तेच आवरण प्रत्येक खाटेवर फिरे.

“काय गं अक्का, सकाळी सकाळी वाघ मागं लागला की काय?” विशालाक्षी हसत पुढे आली. “आमच्या मास्तरांचा ताप उतरला, ऐकलंस? मला विचारतात, इडली कधी देणार!”

तुंगाबाईंनी प्लेट तिच्यासमोर धरली. चिठ्ठी वाचता वाचता विशालाक्षीचे हसू मावळले.

“अय्यो... मीच?”

“तू नव्हे. कापड.”

“कापड कुणी शिवलं, अक्का? दोन नंबरच्या आजी म्हणायच्या, तुझ्या हातचं मऊ लागतं गं.” “अहवालात काय लिहिणार?”

“पट्ट्याचं आवरण. एवढंच.”

“सुम्ने, उगाच झाकू नको. माझं नाव लिही, का शिवलं तेही लिही. दुसऱ्या इस्पितळातही कुणी माझ्यासारखी शहाणी असेल. तिला कळू दे.”

तुंगाबाईंनी खिशातील लेखणी काढली.

विशालाक्षीने हातमोजे चढवले. पट्ट्यावरचे आवरण उतरवले, कपाटातली तशीच शिवलेली जादा दोन घडी न मोडता उचलली, आणि तिन्ही जंतुमय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत ठेवून गाठ मारली. मग प्रत्येक खाटेसाठी वेगळा, नवा, गुळगुळीत पट्टा तिने मांडला.

सदाशिवरावांनी दंड पुढे केला. “आज पट्ट्यावर मोगऱ्याचं फूल नाही वाटतं, सिस्टर?”

“नाही, सर.”

ती लगेच पट्टा बांधीना. तो दोन्ही तळव्यांत धरून हलके हलके चोळत राहिली. त्याचा गारठा जाईपर्यंत.