थोरल्या दिरासमोर

द्वारकेच्या बाजूला वर सरकताना वारा असा समोरून फिरला की लाधीबेनला सकाळचा दिवाच लावता आला नाही. काडी पेटायची नि विझायची. दिवा लावल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घालायचा नाही, हा तिचा माहेरापासूनचा नेम. म्हणून कोरड्या घशानेच ती गलबतावरच्या चुलीच्या लाकडी खोक्याच्या दारात खांबाला हात घालून बसली होती. पण नजर समोरच्या पाण्यावरून काढायची सोय नव्हती.

मंगळूरहून कौलं भरून ते इंजिनाचं गलबत मांडवीला परत निघालं होतं. दर्यावर जाणाऱ्या खारव्यांच्या बायका एरवी गलबतावर पाय ठेवत नाहीत. लाधीबेनने गोकर्णाच्या महादेवाचा नवस पुढे केला, तेव्हा कुठे घरच्यांनी जाऊ दिलं. नवस खराच होता. तो कशासाठी, हे मात्र तिला आणि तिच्या नवऱ्यालाच ठाऊक. तिचा नवरा मेघजी गलबताचा तांडेल, सुकाणू त्याच्याच हाती; पण त्याला लांबचं दिसेनासं झालं होतं. डोळ्याची नस सुकत चाललीय, असं डॉक्टर म्हणाला होता. होकायंत्र त्याला जवळून वाचता येई, किनारा पाठच होता. पण समोर अचानक काही आलं तर ते त्याला दूध सांडल्यासारखं पांढरं दिसे. म्हणून लाधीबेन बघायची. डावीकडे वळायचं तर बांगड्या एकदा वाजवायच्या, उजवीकडे तर दोनदा. जाताना सगळा दर्या तसाच निभावला होता.

पण वेरावळला थोरला दीर शामजी गलबतावर चढला. निम्मं गलबत त्याचं. आला तोच म्हणाला, "मेघा, बंदरात लोक काहीबाही बोलतात. म्हटलं, एक खेप स्वतःच बघावी."

तेव्हापासून लाधीबेनची ओढणी हनुवटीपर्यंत उतरली होती. घरात नातवंडं रांगायला लागली, तरी या थोरल्या दिराने तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. काही हवं असलं तर ती पोराबाळांकरवी सांगे. तोही तिच्याशी बोलायचा तो भिंतीकडे बघून.

दुपारपर्यंत लाटा नाळेवरून, गलबताच्या पुढच्या टोकावरून, थेट आत येऊ लागल्या. गलबत वर चढायचं आणि आदळायचं, की तळातली कौलं दात खाल्ल्यासारखी करकरायची. खलाशी सगळे पुढची ताडपत्री आवळण्यात गुंतलेले. पाणी उपसायचा पंप तुंबला, तसा शामजी सुकाणूच्या मागेच बसकण मारून त्यात कोपरापर्यंत हात घालून बसला.

"उमर, अरे, हे काय अडकवलंयस यात? तुझी लुंगी?"

"लुंगी अंगावर आहे, चाचा! बघताय ना?" पुढून खलाशी उमर ओरडला.

"आहे खरी, पण किती वेळ राहील सांगता येत नाही!" शामजी हसला आणि मेघजीवर घसरला. "मेघा, गलबत हाकतोयस की रेडा? जरा लाट बघून चढव की!"

"बघूनच चढवतोय, मोटाभाई."

लाधीबेनची ओढणी भिजून तोंडाला चिकटली होती, पलीकडचं काही धड दिसेना. तिने बोटांनी ती जराशी वर धरली. आणि समोरच्या लाटेच्या पाठीवर तिला एक होडी दिसली. बंद पडलेली, आडवी झालेली. दोन माणसं उभी राहून सदरा हलवत होती. गलबत नाकासमोर त्यांच्यावरच चाललं होतं.

तिने बांगड्या खांबावर आपटल्या. मेघजी हलला नाही. पुन्हा आपटल्या. इंजिन धडधडत होतं, वारा शिट्ट्या घालत होता. त्यात काचेचा आवाज कुठला ऐकू जाणार? तिच्या नि सुकाणूच्या मधून पाणी वाहत होतं, उठून जावं तर पहिल्याच हिसक्याला ती समुद्रात. होडी लाटेखाली गेली, वर आली. त्यातल्या एकाचं उघडलेलं तोंड दिसलं. ओरडावं, तर नवऱ्याचं सुकाणू आजच गेलं. आणि नाही ओरडावं, तर?

तिने ओढणी मागे फेकली.

"डावीकडे! जयाचे बापू, डावीकडे घ्या! समोर होडी आहे, माणसं आहेत!"

मेघजीने क्षणभरही न थांबता सुकाणू फिरवलं. गलबत कलंडलं, चुलीवरचं पातेलं तिच्या पायावरून घरंगळत गेलं. होडी उजव्या कुशीला घासून मागे गेली. "आणखी! आणखी घ्या! आता सरळ!" ती ओरडतच होती. उमरने दोर फेकला. दोघांनाही वर ओढून घेतलं, होडी मागे बांधली.

शामजी पंपातून हात काढून उभा होता. कोपरापासून काळं पाणी निथळत होतं.

"मेघा, होडी तुला दिसली नाही?"

मेघजी सुकाणूवरच वाकून राहिला.

"मी विचारतोय काही."

"नाही दिसली, मोटाभाई."

"कधीपासून?"

"गेल्या दिवाळीपासून."

शामजीने काळे हात झटकले. मग सवयीप्रमाणे कुणाकडेच न बघता म्हणाला, "पंप अजून तुंबलेलाच आहे. सुकाणू उमर धरेल. तू हो बाजूला. आणि घरी गेल्यावर हिला कुणी बोल लावायचा नाही. मी सांगेन सगळ्यांना."

मेघजीने सुकाणू सोडलं. सोडल्यावर कुठे उभं राहावं, हेच त्याला कळेना. उभ्या जन्मात तो गलबतावर दुसरीकडे कुठे उभा राहिला नव्हता. लाधीबेनने दारात अंग आखडून जागा केली. दोर चाचपडत तो आला, बसला. तिने ओढणी पुन्हा डोक्यावर घेतली, पण तोंडावर ओढली नाही.

"उमर धरतोय ना नीट?" त्याने विचारलं.

"धरतोय."

"लाट कुठून येतेय?"

"समोरून."

"समोरून म्हणजे? नीट सांग. डाव्या अंगाने की सरळ?"

"जरा डाव्या अंगाने. मोठी आहे."

"मग त्याला म्हणावं, नाक थोडं तिकडे धर. सांग ना त्याला! ओरड!"