दहा सेकंदांची शांतता

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या रामूकाकांना भर दुपारी आजारी पडावं लागलं, ते मुलाच्या खोक्यांमुळे.

मुलगा विलास माणिकपूरला एका ऑफिसात कारकून. गेलं वर्षभर सुट्टीच्या दिवशी तो प्लायवूड कापून, खिळे-गोंद मारून कपाटाएवढी दोन खोकी बनवत होता. आत स्पीकर बसवलेले. रविवारी रामूकाकांच्या पुतण्याच्या, जितेंद्रच्या पोरीची, सुरुचीची हळद, आणि त्या हळदीला आपलेच स्पीकर वाजणार असं विलास दिवाळीपासून गावभर सांगून बसला होता.

जितेंद्रने गुरुवारी संध्याकाळी येऊन ऐकलं आणि डोकं खाजवलं.

"विलास, ढोल छातीत बसतो रे. पण बाई काय गाते ते कळत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत बघ. नाहीतर कामणचा डीजेवाला सांगून ठेवलाय मी."

विलास रात्रभर तळमळला. सकाळी त्याने रजा टाकली आणि ओटीवर मापं घ्यायला बसला. केळीच्या टेकूची काठी बादलीतल्या वाळूत उभी केली. काठीच्या टोकाला रिकाम्या बॉलपेनची नळी आणि नळीच्या तोंडाशी वाटाण्याएवढा माईक. माईकची वायर जुन्या कॉम्प्युटरला. स्पीकरमधून म्हशीच्या हंबरण्यापासून डासाच्या गुणगुणण्यापर्यंत चढत जाणारा एकच सूर दहा सेकंद सोडायचा. माईक तो ऐकणार आणि पडद्यावर रेघ उमटणार. रेघ जिथे फुगेल तिथे खोट.

फक्त त्या दहा सेकंदांत दुसरा आवाज नको होता.

"हा डोंगर कसला रे?" रामूकाका पडद्यात डोकावून म्हणाले.

"शेजारच्या जेम्सचा ट्रम्पेट."

"आनि हा?"

"तुमच्या सुनेचा कुकर."

"हा बारीक?"

"तुमचा खोकला, बाबा! जा ना तुम्ही केळींना पाणी लावायला."

रामूकाका गेले. पण पंप लावला तर रेघ आणखीच बिघडली. दुपारी तीन वाजता विलास कुंपणापाशी गेला. जेम्स लग्नांत बँड वाजवायचा, आणि सीझन तोंडावर आलेला.

"जेम्स, तासभर थांबशील? बाबांना जरा बरं नाहीये."

जेम्स भला माणूस. ट्रम्पेट पेटीत घातला आणि बायकोला, आल्बिनाला, सांगितलं. आल्बिनाने विहिरीवर सांगितलं. बातमी बांधापर्यंत पोचली तोवर रामूकाकांची वाचा गेली होती, आणि खाडीपलीकडे तर त्यांना ओळख पटत नव्हती. वाडीतले पंप बंद झाले. पोरांना मैदानावर हाकललं. कोंबड्यासुद्धा कोणीतरी डालून टाकल्या.

रामूकाका चिखलाच्या पायांनी मागच्या दाराने आत आले, तेव्हा पुढच्या दारात आल्बिना पेजेचं भांडं घेऊन चप्पल काढत होती. सूनबाईंनी, आशालताने, सासऱ्यांना ओटीवरच्या खाटेवर ढकललं.

"बाबा, आडवे व्हा."

"मना काय झालंय?"

"काही नाही. पण तुम्ही उभे दिसलात तर यांचं तोंड काळं होईल." आणि तिने हनुवटीपर्यंत गोधडी ओढली.

पाहता पाहता ओटी भरली. माणसं भिंतीला टेकून गप्प बसली. खाटेमागे कॉम्प्युटरला नाक लावून बसलेला विलास लोकांना दिसत होता, पण त्याला लोक दिसत नव्हते. काठीवरच्या माईककडे बघून एक म्हातारी कुजबुजली, "ऑक्सिजन लावलाय वाटतं."

गोधडीत रामूकाकांना घाम फुटला. नाकाला खाज सुटली. एवढी माणसं आपल्यासाठी आली याचं बरंही वाटत होतं, पण खाजवायचं कसं?

तेवढ्यात जितेंद्र धापा टाकत आला आणि खाटेशी गुडघ्यांवर बसला. काका गेले तर दहा दिवस सुतक. हळद नाही, लग्न नाही.

"काका, तुम्ही आमचे वडीलच. पण सोमवारपर्यंत तरी धरा हो. मंगळवारी मी काही बोलणार नाही."

रामूकाकांनी एक डोळा उघडला. मुलाची वाकलेली पाठ त्यांना दिसली. वर्षभर ही पाठ अशीच वाकलेली होती.

"जितू," ते खोल आवाजात म्हणाले, "येक इच्छा हाय."

"बोला काका!"

"हळदीला आमच्या विलासचीच खोकी वाजव."

"वाजवतो! शपथ! फक्त धरा!"

म्हाताऱ्या हुंदके गिळत होत्या. सगळे चिडीचूप. आणि विलासने अशी शांतता सकाळपासून ऐकली नव्हती. त्याने बटण दाबलं.

जमिनीतून आल्यासारखा एक हुंकार उठला. चढत चढत गेला, खाटेवरून, माणसांच्या डोक्यांवरून, कौलांपर्यंत, आणि बारीक होत होत विझला. आल्बिनाने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. "जेजू! गेले."

जितेंद्रने कपाळावर हात मारून घेतला.

"सापडलं!" विलास ओरडला. रेघ एकाच जागी कुबड काढून उभी होती. "खोक्याच्या पोटात आवाज घुमतोय! आत कापूस पायजे. बाबा, ती गोधडी!"

आणि त्याने मेलेल्या बापाच्या अंगावरून गोधडी ओढून घेतली.

पट्टेरी चड्डी आणि गुडघ्यापर्यंत चिखल अशा अवतारात रामूकाका उठून बसले आणि त्यांनी आधी नाक खाजवलं. तेवढ्यात विलासने गोधडीची घडी स्पीकरच्या पाठीमागे कोंबली, पुन्हा बटण दाबलं, आणि कुबड बसलं.

मग मात्र जितेंद्र उसळला. "काका! मरायचं नव्हतं तर इच्छा कशाला सांगितलीत?"

"येवढी मानसं आली. काहीतरी सांगायला नको?"

"ती शपथ मी मरणाऱ्याला दिलीय. जित्या माणसाला नाही!"

"नको पाळू," विलास मागून म्हणाला. त्याने आत्ता कुठे ओटीभर माणसं पाहिली होती आणि कानापर्यंत लाल झाला होता. "एवढा खोटेपणा झालाच आहे, तर शपथेवर नको. ऐकून ठरव."

आशालता उरलेल्या खोक्यासाठी आपलं अंथरूण घेऊन आली. तेही आत गेलं. मग विलासने हळदीच्या गाण्याची कॅसेट लावली. ढोल आला. ढोलाच्या पुढे बाईचा आवाज आला, अगदी समोर पाटावर बसून गावं तसा. रडायला आलेल्या म्हाताऱ्यांतली एक हलकेच तिच्याबरोबर गाऊ लागली, आणि चुकलेला शब्द दुसरीने सुधारला.

जितेंद्रने कडवं संपेपर्यंत ऐकलं. मग कोपऱ्यातला फोन उचलून कामणचा नंबर फिरवला.

"रविवारी येऊ नका. नाही हो, हळद आहे. कोण गेलं? कोणीही गेलेलं नाही. अहो, खरंच सांगतोय." त्याने रिसीव्हर रामूकाकांपुढे धरला. "तुम्हीच बोला. त्यांचा विश्वास बसत नाहीये."

रामूकाकांनी पेजेचं भांडं मांडीवर ठेवलं आणि ओठ पुसले.

"हां, मी रामूच बोलतो," ते म्हणाले. "कोनी सांगितलं तुला?"