वळणापलीकडचा चिकटा

"बाहेरून काय पुसतोस रं, आत हात घाल."

याडीचा हा आवाज प्रेमदासच्या कानात लहानपणीच बसलेला. तांड्यावर, दारात बसून तो राखेनं हंडा घासायचा, चांदीसारखा करून पुढं ठेवायचा. आणि याडी, त्याची आई भिकाबाई, हंड्याच्या पोटात बोटं फिरवून ती काळी बोटं त्याच्याच गालाला पुसायची. हसायची अन् पुन्हा घासायला बसवायची.

आता तो वसमतच्या हॉटेलांच्या चिमण्या साफ करायचा. भट्टीवरची पत्र्याची छत्री, तिच्यातल्या जाळ्या, आणि तिथून गच्चीपर्यंत गेलेलं रुंद नळकांडं. या कामाचा नियम एकच: खाली कोरा पत्रा दिसेस्तोवर खरवडायचं. आत तेला-धुराचा चिकटा राहिला की तो जाळाची वाट बघत बसतो.

उत्तमरावांच्या हॉटेलात काल नळकांड्याच्या वळणापलीकडं त्याचा हात पोचला नव्हता. आत हात घालायला पत्रा कापून झाकण बसवावं लागेल, असं तो म्हणाला, तर मालकांनी हातच जोडले. उद्या जयंतीचं जेवण, भट्टी बंद ठेवून कसं भागायचं, जाळ्या तर आरशासारख्या झाल्यात की. याडी तिथंच भाकरी थापायची, प्रेमदासच्याच शब्दावर कामाला लागलेली. मालकाचं मन कसं मोडायचं? 'साफ' लिहिलेला कागद छत्रीवर चिकटवून तो खाली उतरला होता.

आज सेवाभायाची, तांड्याच्या संताची जयंती. अख्खा तांडा जेवायला आलेला. भट्टी पेटण्याआधी भोग लावायचा म्हणून याडीनं गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचं घमेलं नेमकं त्या छत्रीखालीच मांडलं. निखाऱ्यावर तूप-लापशी सोडायची. जाळ जितका उंच, तितका भोग पावला.

अंगणात मांडू, प्रेमदास म्हणाला. तिथं वारं हाय, म्हणून याडीनं झटकून टाकलं, आणि जमलेल्या बायांना छत्री दाखवत म्हणाली, "धुराला वाट माझ्या लेकरानंच केली. बगा कशी चमकून राहिली."

त्यानं नळकांड्यातला, धूर अन् जाळ वर ओढणारा पंखा बंद केला. धुरानं आमाला रडवतो का बे, असं म्हणत देवला आचाऱ्यानं तो पुन्हा लावला. पाण्याची बादली आणायला प्रेमदास धावला, अन् तेलाच्या जाळाला पाणी चालत न्हाई हे आठवून रिकाम्या हातानं परतला. उत्तमराव टोपी सारखी करून हात जोडून उभे होते. बायांनी गाणं धरलं होतं. सगळ्यांच्या नजरा घमेल्यावर. वर बघणारा तो एकटाच.

तुपाची पहिली पळी पडली. जाळ उठला, छत्रीच्या कडेला जीभ लावून खाली बसला. बाया आनंदल्या. तेवढ्यात वळणातून वितळलेला एक काळा थेंब सुटला, निखाऱ्यावर पडून चरचरला. याडीला वाटलं, तूपच. तिनं दुसरी पळी काठोकाठ भरली. तिच्या पदरावर, पांढऱ्या केसांवर जाळाचा उजेड नाचत होता.

पळी कलंडायच्या आत प्रेमदासनं तिचं मनगट धरलं. गाणं थांबलं.

"काहून रं?"

त्यानं मालकाकडं पाहिलं नाही. याडीच्या बोटांकडं पाहत राहिला.

"याडी, वळणाच्या पल्याड समदा चिकटा हाय. माझा हात आत गेलाच न्हाई. मी नुसतं बाहेरून पुसलं."